कोपरे असलेली गोळी

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता नानांनी रक्तदाबाची गोळी गिळली आणि ती खाली जात असतानाच त्यांच्या लक्षात आलं की आजच्या गोळीला कोपरे आहेत.

गोळीला कोपरे नसतात एवढं वैद्यकशास्त्र नानांना येत होतं. दस्तऐवजांच्या सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. त्या काळात त्यांनी साहेबांचे टोमणे गिळले, हाताखालच्यांची उलट उत्तरं गिळली, तीनदा हुकलेली बढती गिळली. त्यातलं काहीही असं गळ्याच्या खाली आणि छातीच्या वर, ऐन मध्यावर ठाण मांडून बसलं नव्हतं.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि ते तपासाला लागले. टेबलावर सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा होता, वाराला एक खण. प्रत्येक खणात दोन गोळ्या. एक जीवनसत्त्वाची, बाटलीतली, उघडी. दुसरी रक्तदाबाची, स्ट्रिपमधून कात्रीने एकेक चौकोन कापून ठेवलेली, वेष्टनासकट. चौकोन फोडायचा, गोळी काढायची, वेष्टन केरात टाकायचं. मंगळवारचा खण रिकामा होता. केराचा डबाही रिकामा होता. टेबलाखाली, खुर्चीखाली, वर्तमानपत्राच्या घड्यांत, सदऱ्याच्या खिशात कुठेही काही नव्हतं. नानांच्या कारकिर्दीत कचेरीतून एक कागद गहाळ झाला नव्हता. ज्या अर्थी वेष्टन खोलीत नाही, त्या अर्थी ते नानांत आहे, या निष्कर्षाला यायला त्यांना चार मिनिटं लागली.

आता इथे दुसरा कोणी घाबरला असता. नानांना घाबरायला सवड नव्हती. त्यांना आधी लपवायचं होतं.

कारण लेक. नानांची लेक एका मोठ्या शाळेत उपमुख्याध्यापिका होती. नऊशे मुलं तिच्या नुसत्या भुवईला घाबरत, पण घरात ती अजून चिमीच होती. आठ महिन्यांपूर्वी तिची आई गेली, तेव्हापासून चिमी दर रविवारी दोन बस बदलून नानांकडे येत असे. तशात पहिला प्रकार घडला. नाना गॅसवर दूध ठेवून वर्तमानपत्र आणायला खाली गेले, दार मागे बंद झालं, आणि दार उघडेपर्यंत पातेल्याचा रंग कायमचा बदलला. मग दुसरा प्रकार. रात्रीची झोपेची गोळी त्यांनी सकाळी घेतली आणि दुपारी एकपर्यंत शांत झोपले. फोन उचलला जात नाही म्हटल्यावर चिमी कुलूपवाल्याला घेऊनच आली. नाना जागे झाले तेव्हा घराला दार नव्हतं आणि पलंगाभोवती सहा माणसं उभी होती.

त्याच दिवशी तिने निकाल सांगितला. "नाना, दोन प्रकार झाले. तिसरा झाला की हे घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. वाद नाही."

तिच्या शाळेतही असाच नियम होता. तिसऱ्या वेळी पालकांना बोलावणं. नानांना पालक उरले नव्हते, म्हणून ही वेगळी तरतूद.

झोपेची गोळी त्या दिवशी घराबाहेर झाली. उरलेल्यांसाठी तिने सात खणांचा डबा आणला आणि रविवारी कात्री घेऊन सगळं व्यवस्थित भरून दिलं. पहिला आठवडा नाना त्या डब्याशी नव्या साहेबाशी वागावं तसे जपून वागले. हा दुसरा आठवडा होता. दुसऱ्या आठवड्यात साहेबाचीही सवय होते.

लेकीचं घर वाईट होतं असं मुळीच नाही. तिथे नानांना स्वतंत्र खोली मिळणार होती, खिडकीसकट. जावई तर इतका सज्जन की "काय म्हणता नाना?" असं विचारून उत्तर ऐकायला थांबत असे. पण इथल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बायकोच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. त्यातही 'साखर' लिहिलेल्या डब्यात तांदूळ असत आणि 'तांदूळ' लिहिलेल्यात साखर, कारण चिठ्ठ्या डकवून झाल्यावर तिचा विचार बदलला होता. ही गोष्ट जगात आता फक्त नानांना माहीत होती. असं घर बंद करता येत नाही.

तेव्हा हा प्रकार नव्हेच, असं नानांनी ठरवलं. प्रकार म्हणजे जे दुसऱ्याला कळतं ते.

ते पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत गेले, मान मागे टाकली आणि कोंबडीसारखे घोट घेऊ लागले. पाणी जात होतं, पण वाटेत कोणाला तरी वळसा घालून. समोरच्या गॅलरीत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. वहिनींचा स्वभाव असा की त्या कोणाच्या भानगडीत पडत नसत; भानगडच त्यांच्या नजरेत पडे.

"काय हो नाना, काय झालं?"

"मला? मला काय होणार!" नानांचा आवाज बंद पडलेल्या नळासारखा आला. "माझा एक मित्र आहे. त्याच्या घशात काहीतरी अडकलंय. आत्ताच फोन आला होता."

"आणि पाणी तुम्ही पिताय?"

"ऐकूनच घसा कोरडा पडला."

"काय अडकलंय मित्राच्या?"

"गोळी."

"मग विरघळेल की."

"कोपऱ्यांसकट आहे."

वहिनींनी हातातला टॉवेल चिमट्याशिवाय तसाच सोडला आणि दोन मिनिटांत त्या नानांच्या दारात पाव घेऊन उभ्या राहिल्या. "हा तुमच्या मित्राला द्या. कोरडाच. चावायचा नाही, गोळा करून गिळायचा. आमच्या सासऱ्यांच्या घशात माशाचा काटा अडकला होता, तो पावाने नेला."

"सासरे बरे झाले?"

"काटा गेला," वहिनी म्हणाल्या. "सासरे नंतर दुसऱ्याच कशाने तरी गेले."

आता यातली एक गोष्ट नानांनी वहिनींना सांगितली नाही. खरं म्हणजे ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. कोरडा घास बरेच महिने त्यांच्या घशाखाली धड उतरत नव्हता. पाव ते चहात बुडवून खात, पोळी आमटीत भिजवून, आणि लग्नकार्यात पंगतीला बसायची वेळ आली की 'आज उपास' सांगून मोकळे होत. पण वहिनी समोर उभ्या होत्या, आणि मित्राच्या वतीने कोणीतरी गिळणं भाग होतं. नानांनी गोळा केला आणि गिळला.

तो गेला आणि चौकोनावर जाऊन बसला. आधी भाडेकरू एक होता, आता दोन झाले, आणि पहिल्याने जागा सोडली नव्हती.

वहिनींनी ही खबर खाली पोचवली. खालच्या मजल्यावर मास्तर राहत. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही ते चालत नसत, संचलन करत. हातात केळं घेऊन ते वर आले. "नाना, तो मित्र कुठाय?"

नानांनी छातीकडे बोट दाखवलं.

"वाटलंच मला. साधी गोष्ट आहे. गुरुत्वाकर्षण! वस्तू अडकली की खालून झटका द्यायचा. चला जिन्यात. टाचा जुळवा. हात कमरेवर. उडी एक!"

चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लेंगा-सदऱ्यात, सकाळी साडेनऊला जिन्याच्या चौथऱ्यावर उड्या मारणारा माजी हेडक्लार्क हे दृश्य दोन्ही मजल्यांनी पाहिलं. पोस्टमन तर पत्रं हातात धरून थांबलाच. तो जाताना म्हणाला, "चांगलंय. आमच्या वडिलांना कितीदा सांगितलं, व्यायाम करा." नानांना उत्तर द्यायचं होतं. पण अकराव्या उडीनंतर त्यांच्या लक्षात आलं की तोंडात थुंकी साठते आहे आणि ती आत जात नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

मास्तरांचा चेहरा उतरला. "नाना, हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं," ते हळूच म्हणाले. "दवाखान्यात चला."

"चिमीला कळवायचं नाही," नाना रुमालातून म्हणाले.

"शब्द देतो."

निघताना नानांनी एक काम मात्र केलं. बुधवारच्या खणातला चौकोन काढून खिशात घातला. अर्जासोबत नमुना जोडावा, ही जन्माची सवय.

दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय तक्रार?"

"यांनी गिळलंय," मास्तर म्हणाले.

"काय? नाणं, बटण, बॅटरी, मणी, काटा, दात की इतर?"

"इतर."

"वय?"

"चौऱ्याहत्तर."

"महिन्यांत सांगा."

मास्तरांनी आ वासला. बाईंनी समजावलं, "गिळलेल्या वस्तूंचा फॉर्म लहान मुलांच्या विभागात आहे. तो वय महिन्यांतच घेतो. मोठी माणसं गिळत नाहीत ना."

"गिळतात हो," रांगेतून मागच्या आजीबाई म्हणाल्या. "मी कवळी गिळली होती. अर्धी."

नानांनी तोपर्यंत तिथल्याच एका वर्तमानपत्राच्या कडेवर गुणाकार करून आकडा दाखवला. आठशे अठ्ठ्याऐंशी. बाईंनी तो टाकला. संगणकाने लाल अक्षरांत विचारलं, वय बरोबर आहे का? बाईंनी 'होय' दाबलं.

"दुधाचे दात आले का?"

"आले, गेले," मास्तर म्हणाले. "नंतरचेही बरेचसे गेले."

"आले, एवढंच लिहिते. लसी?"

मास्तरांचा पारा चढू लागला होता, पण नानांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्यांना त्या बाईंचा राग येत नव्हता. उलट आदर वाटत होता. 'रकाना रिकामा सोडता येत नाही' हे वाक्य त्यांनी स्वतः अशाच एका खिडकीआडून हजारो माणसांना ऐकवलं होतं. ती माणसं घशात काय घेऊन समोर उभी होती हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, कारण तसा रकाना नव्हता. खिडकीच्या या बाजूला उभं राहिलं की ती बरीच उंच असते, असं त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

एक्स-रे निघाला. तरुण डॉक्टरने तो उजेडासमोर धरला आणि नानांच्या कानाशी येऊन ओरडला, "आजोबा! एक्स-रे स्वच्छ आहे! काही नाही!"

"आहे," नाना म्हणाले. "आणि मला ऐकू येतं."

"कधी कधी आपल्याला तसं वाटतं. घरी कोण असतं तुमच्याकडे? हल्ली विसरायला होतं का? बरं, आज वार कोणता सांगा बघू."

"मंगळवार," नाना म्हणाले. "मंगळवारच गिळलाय मी."

डॉक्टरने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. चौतीस वर्षं टेबलापलीकडचे कागद वाचून वाचून नानांना उलटं अक्षर सुलट्याइतकंच येत असे. त्यांनी वाचलं : वयस्कर. गोंधळलेले. नातेवाइकांना बोलवावे.

मघापासून जे झालं नव्हतं ते आता झालं. नाना घाबरले. कोपरा टोचत होता ते ठीक, थुंकी गिळता येत नव्हती तेही ठीक. पण एखादी गोष्ट कागदावर आली की ती खरी होते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत! उद्या तो कागद चिमीच्या हातात जाणार. मग तिसरा प्रकारसुद्धा लागणार नाही, 'गोंधळलेले' हा एकच शब्द पुरेल.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरबाई फेरीवर आल्या. आखूड पांढरे केस, पायात पळायचे बूट. त्यांनी एक्स-रे पाहिला, मग नानांच्या हातातला रुमाल पाहिला. "थुंकी गिळता येत नाही?" नानांनी मान हलवली आणि खिशातून बुधवारचा चौकोन काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाईंनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि झटकन मागे घेतला. "असा गिळलात? अख्खा?" मग तरुण डॉक्टरकडे वळून म्हणाल्या, "प्लॅस्टिक आणि पातळ चंदेरी कागद. एक्स-रेला हे दिसतच नाही. दिसलं नाही म्हणजे नाही असं नसतं." त्यांनी पेन घेतलं, 'गोंधळलेले' या शब्दावर आडवी रेघ मारली, बाजूला छोटी सही केली आणि वर लिहिलं : सांगतात ते बरोबर. इतकी सुरेख दुरुस्ती नानांनी नोकरीत कधी पाहिली नव्हती.

"यावर काही खाल्लंत?"

"पाव."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी थोडं थोडं," नाना म्हणाले.

"उड्यासुद्धा मारल्या," मास्तर छताकडे बघत म्हणाले. "अकरा."

"हे बघा, घशात काही अडकलं की वरून पाव, केळं, भाताचा गोळा ढकलायचा नाही. या कोपऱ्याने आतून चीर गेली असती तर? सरळ इथे यायचं असतं. आता दुर्बीण घालून काढू. संमतिपत्रावर नातेवाइकाची सही लागेल."

"मी भाऊ," मास्तर छाती काढून पुढे झाले.

"सख्खे?"

"खालच्या मजल्यावरचा."

ते नातं फॉर्मवर नव्हतं. मुलगा, मुलगी, पती, पत्नी, भाऊ, बहीण, पालक. नानांनी यादी दोनदा वाचली. पत्नी या शब्दावर त्यांची नजर जरा थांबली आणि पुढे सरकली. मग त्यांनी मास्तरांकडे बघून हताशपणे मान हलवली.

शब्द मोडायची परवानगी मिळाल्यावर मास्तरांनी तो मैदानावर मोडावा तसा मोडला. त्यांनी शाळेत फोन लावला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चिमे, घाबरू नकोस! नाना जिवंत आहेत!"

पंचवीस मिनिटांत चिमी आली. हातात शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा, बाहीला खडूची भुकटी, खांद्याला दुपारच्या डब्याची जड पिशवी. वॉर्डाच्या दारात ती एक क्षण थांबली. आठ महिन्यांपूर्वी अशाच एका दारात ती अशीच थांबली होती, आणि तेव्हा आत येऊन तिने पहिलं विचारलं होतं, "मी आदल्या रविवारी लवकर आले असते तर?" तिने पुन्हा विचारलं नाही. पण ती ते अजून विचारते आहे, हे तिच्या दर रविवारच्या लवकर येण्यावरून त्यांना समजत असे.

मोठ्या डॉक्टरबाईंनी तिला चौकोन दाखवला. "एक सांगून ठेवते. स्ट्रिप अशी एकेक गोळीची कापू नका, कधीच. अख्खी स्ट्रिप कोणी तोंडात टाकत नाही. पण हा एवढासा तुकडा हाताला उघड्या गोळीसारखाच लागतो आणि कोपरे ब्लेडसारखे. वयस्कर माणसांत हे आम्ही बघतो. कोणी कापलं हे?"

चिमीने तोंड उघडलं.

"मी," नाना म्हणाले.

"तुम्ही?"

"मला सगळं नीटनेटकं लागतं."

वास्तविक त्या दिवशी नानांची बाजू मांडणारं जगात एकच खरं वाक्य होतं, आणि ते हेच की कात्री त्यांची नव्हती. ते बोलले असते तर तिसरा प्रकार त्यांचा राहिलाच नसता. घर वाचलं असतं, डबे वाचले असते. नाना हे सगळं जाणून होते. नियमांचा अर्थ लावण्यात त्यांचा हात धरणारा कचेरीत कोणी नव्हता. पण त्यांनी दारात थांबलेली चिमी पाहिली होती. तिच्या नावावर आणखी एक कागद चढायला नको होता.

चिमीने त्यांच्याकडे बघितलं. मग पेन मागून घेतलं आणि सही केली.

दुर्बिणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घशात कडू फवारा मारतात, डाव्या कुशीवर वळवतात आणि मग माणसाच्या प्रतिष्ठेचा विचार बाजूला ठेवतात. अर्धवट गुंगीत नानांना बाईंचा आवाज येत होता. "हा पाव. हाही पाव. अजून पाव. केवढा घातलाय! हं, हे बघा साहेब बसलेत. या, या बाहेर, हळू." मग काहीतरी सरकलं आणि छातीतली ती एक जागा एकदम रिकामी झाली. चौकोन ट्रेमध्ये पडला. गोळी आत जशीच्या तशी होती. म्हणजे एवढं सगळं होऊन मंगळवारचा डोस राहिलाच होता.

नाना शुद्धीवर आले तेव्हा चिमी पलंगाशेजारी बसली होती आणि डॉक्टरबाई कागद लिहीत होत्या. "चीर नाही, नुसतं खरचटलंय. पण अन्ननलिका एका जागी अरुंद झाली आहे. कोरडा घास अडकत असणार. कधीपासून?"

नाना भिंतीकडे बघू लागले.

"नाना," चिमी म्हणाली. "कधीपासून?"

"झाले असतील आठ-एक महिने."

चिमीने किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. बाईंना त्या आकड्याचं विशेष काही वाटायचं कारण नव्हतं. त्यांनी तो लिहून घेतला. "जेवता कसे?"

"ओट्याशी. उभ्यानेच. पटकन उरकतो."

"हे बंद. ताठ बसायचं. लहान घास, चावून चावून. हनुवटी किंचित खाली घेऊन गिळायचं, मध्ये पाण्याचा घोट. चार दिवस मऊ, पातळ. दोन आठवड्यांनी या, ती जागा रुंद करू. आणि एकट्याने जेवायचं नाही. घास अडकला तर समोर माणूस हवं. हे औषध समजा."

त्या उठल्या, तशी चिमी म्हणाली, "डॉक्टर, कात्री माझी होती. मीच बसून कापले. दोन रविवार, चौदा चौकोन." ती वर्गात बोलावं तसं सरळ आणि स्पष्ट बोलत होती, फक्त नेहमीपेक्षा हळू. "आई रोज गोळी फोडून यांच्या हातावर ठेवायची. एकोणीस वर्षं. हे वर्तमानपत्रातून मान वर काढायचे नाहीत, हातावर येईल ते तोंडात. हे मला ठाऊक होतं. तरी मी वेष्टनासकट भरले, गोळ्या सर्दू नयेत म्हणून."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग नानांकडे. "आता ठाऊक झालं ना? मग कापू नका," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

चिमीने खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली.

"खोटं का बोललात?"

"घसा दुखतोय माझा."

"नाना."

"नोंद कोणाच्या तरी नावावर लागतेच, चिमे. माझ्या नावावर दोन होत्याच. तिसरीने काय फरक पडतो?"

"तिसरीनेच पडतो! तेच तर ठरलं होतं आपलं!"

"हो," नाना म्हणाले. "ते जरा उशिरा लक्षात आलं."

चिमीला हसू आलं. ते तिने उपमुख्याध्यापिकेला शोभेल अशा रीतीने खोकल्यात लपवलं, पण ते पूर्ण लपलं नाही आणि मध्येच त्याचं दुसरं काहीतरी झालं. तिने नानांचाच रुमाल घेतला, तो ओला आहे हे बघून परत ठेवला आणि बाहीने डोळे पुसले. खडू गालाला लागला.

"हा प्रकार माझा," ती म्हणाली. "तुमचे दोनच."

"लेखी देशील?"

"नाना!"

"बरं, तोंडी चालेल. म्हणजे तुझा एक झाला. तीन झाले की तू तुझं घर बंद करून माझ्याकडे यायचं. नियम सगळ्यांना सारखा."

"आणि तुमच्या जावयाचं काय?"

"त्यालाही आणू. काय म्हणतोस, असं विचारू आधी."

आता प्रश्न उरला सोबतीच्या औषधाचा. तो बाहेर बाकावर सुटला होता. मास्तर आणि मागाहून येऊन पोचलेल्या वहिनी, दोघांनाही पावाबद्दल आणि उड्यांबद्दल चांगलंच ऐकून घ्यावं लागलं होतं आणि दोघंही प्रायश्चित्ताच्या शोधात होती. सकाळचं खाणं मास्तरांसमोर, दुपारचं वहिनींकडे. रात्रीचं पुन्हा मास्तर, शिट्टी न वाजवण्याच्या अटीवर. बुधवार आणि रविवार चिमी. "आणि सल्ला कोणी द्यायचा नाही," चिमी म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "आम्ही कधी देतो?"

पहिले चार दिवस मात्र चिमीने रजा टाकली. त्या संध्याकाळी सात वाजता ती नानांच्या घरी टेबलाशी बसली. दोन ताटल्यांत मऊ, पातळ भात. नाना ताठ बसले. लहान घास घेतला, चावला, चावला, हनुवटी खाली घेतली आणि गिळला. चिमीचे डोळे त्यांच्या गळ्यावर खिळले होते.

"गेला?"

"गेला."

दुसरा घास. "गेला?"

"गेला."

असे पाच झाले. प्रत्येक घासाबरोबर ती स्वतःही आवंढा गिळत होती, पण तिचा चमचा ताटलीच्या कडेला होता तिथेच होता आणि तिचा भात गार होत चालला होता. कोपऱ्यातल्या पिशवीत शाळेचा डबा होता. मघाशी नानांनी ती उचलून बाजूला ठेवली होती. डबा भरलेलाच होता. तिच्या मनगटावरचं घड्याळ सैल झालेलं त्यांनी आता पाहिलं. किती महिन्यांपासून, हे त्यांनी विचारलं नाही. आकडा त्यांना माहीत होता.

त्यांनी सहावा घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ताटलीत ठेवला.

"काय झालं? अडकला?" चिमी अर्धवट उठली.

"नाही. बस खाली," नाना म्हणाले. "तू नुसती बघतेयस. मला एकट्याने जेवायला मनाई आहे."

चिमीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती खुर्चीत नीट बसली, चमचा उचलला आणि एक घास घेतला.

नाना थांबले.

"गेला?" त्यांनी विचारलं.